घटक ४ : स्वभाव, शब्द आणि मेंदूचे रसायन : स्वमग्न प्रौढांच्या निमित्ताने

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यावर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.
• ‘स्वमग्नता’ या संज्ञेची व्युत्पत्ती, तिचा इतिहास आणि तिची मर्यादा स्पष्ट करता येईल.
• स्वभाववाचक शब्द आणि मानसशास्त्रातील व्यक्तिमत्त्वगुण यांचा संबंध सांगता येईल.
• स्वमग्नतेच्या संदर्भात अभ्यासल्या गेलेल्या मेंदूतील प्रमुख रसायनांची माहिती देता येईल.
• रसायनावरून स्वभाव किंवा स्वभावावरून रसायन थेट का ओळखता येत नाही, याची कारणमीमांसा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण वाक्याचा शब्दशः अर्थ आणि बोलणाऱ्याचा अभिप्रेत अर्थ यांतील भेद पाहिला. या घटकात तोच भेद माणसांच्या आयुष्यात किती दूरवर परिणाम करतो, हे पाहावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी बुलडाणा जिल्ह्यातील एका अभ्यासकेंद्रावर मी तोंडी परीक्षा घेत होतो. समोर पस्तिशीतला एक विद्यार्थी बसला होता. “तुम्ही या कवितेविषयी काही सांगू शकाल का?” असे मी विचारले. “हो,” एवढेच उत्तर देऊन तो थांबला. मी वाट पाहत राहिलो. तोही खिडकीकडे पाहत शांत बसून राहिला. मी त्याला जेमतेम गुण दिले आणि शेजारच्या सहकाऱ्यांना म्हणालो, “जरा घुमाच दिसतो.” महिनाभराने त्याचा लेखी स्वाध्याय माझ्या हाती आला. तिफण, वखर, डवरा या अवजारांच्या प्रत्येक भागाचे वऱ्हाडी नाव, ते कोणत्या गावात कसे उच्चारले जाते आणि त्यात कोणता स्वर बदलतो, याची इतकी नेटकी नोंद मी क्वचितच पाहिली होती. तेव्हा ध्यानात आले की मी त्याला कवितेविषयी काही विचारलेच नव्हते. ‘सांगू शकाल का’ ही त्याच्या लेखी क्षमतेची चौकशी होती आणि तिचे उत्तर त्याने प्रामाणिकपणे दिले होते. तोंडी परीक्षेचे गुण मात्र तोवर रवाना झाले होते.

तो विद्यार्थी स्वमग्न होता की नाही, हे ठरविण्याचा मला अधिकार नाही. ते काम तज्ज्ञाचे आहे. परंतु ‘घुमा’ हा शब्द मी किती घाईने वापरला आणि त्या शब्दाने माझी पुढची चौकशी कशी थांबविली, हे मला सांगता येते. या घटकाचा विषय तोच आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ‘स्वमग्नता’ : संज्ञेचा प्रवास

‘ऑटिझम’ हा शब्द ‘स्वतः’ या अर्थाच्या ‘आउटोस’ या ग्रीक शब्दावरून आला. स्विस मनोविकारतज्ज्ञ यूगेन ब्लॉयलर यांनी १९११च्या सुमारास तो रूढ केला तो स्किझोफ्रेनिया या विकाराच्या वर्णनासाठी. आजच्या अर्थाच्या जवळ जाणारे पहिले तपशीलवार वर्णन सोव्हिएत संघातील ग्रून्या सुखारेवा यांनी १९२५मध्ये केले. १९४३मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांविषयीचा प्रसिद्ध निबंध लिहिला आणि १९४४मध्ये व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांनी आपले निरीक्षण मांडले. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८०मध्ये. २०१३पासून तिचे निरनिराळे प्रकार एकाच ‘वर्णपटा’त समाविष्ट झाले.

कॅनर यांच्या निबंधात भाषेविषयीची निरीक्षणे लक्षणीय आहेत. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत उच्चारणे, शब्दाचा अर्थ अक्षरशः घेणे आणि सर्वनामांची उलटापालट ही त्यांपैकी काही होत. आपल्याला पाणी हवे असता मूल “तुला पाणी हवं का?” असे म्हणते, कारण पाणी मिळण्याच्या प्रसंगाशी त्याच्या कानावर पडलेले वाक्य तेच असते.

कॅनर यांच्या निबंधातील पहिला मुलगा पुढे डोनाल्ड ट्रिप्लेट या नावाने जगाला परिचित झाला. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावी त्यांनी बँकेत नोकरी केली, मोटार चालविली, गोल्फचा छंद जोपासला, एकट्याने अनेक देशांचा प्रवास केला आणि २०२३मध्ये वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्वमग्नता ही केवळ बालपणाची अवस्था नाही; ती आयुष्यभराची मेंदूची घडण आहे, आणि त्या घडणीतही माणूस वाढतो, शिकतो, बदलतो, हे या जीवनातून दिसते. अर्थात प्रत्येकाचा मार्ग असा नसतो. काही स्वमग्न प्रौढांना बोलता येत नाही किंवा दैनंदिन व्यवहारात सतत मदत लागते. काही जण मात्र प्राध्यापक, अभियंते वा कारागीर म्हणून काम करतात.

मराठी संज्ञेकडे वळू. ‘मग्न’ म्हणजे बुडालेला. मराठीत ‘कामात मग्न’, ‘भजनात मग्न’ अशा प्रयोगांमुळे या शब्दाला सुखाची आणि स्वेच्छेची छटा आली आहे. त्यामुळे ‘स्वमग्न’ म्हणताच स्वतःत रमलेला, इतरांची पर्वा नसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात अनेक स्वमग्न प्रौढांची तक्रार याच्या उलट असते. पंख्याची घरघर, नळीदिव्याचे लुकलुकणे, अंगावरच्या कापडाची शिवण हे बाहेरचे जग त्यांना जास्तच जाणवते. संज्ञा रूढ आहे, म्हणून आपण ती वापरू. तथापि तिच्या व्युत्पत्तीला लक्षण समजण्याची चूक टाळली पाहिजे.

४.२.२ स्वभाववाचक शब्द आणि व्यक्तिमत्त्वाचे मोजमाप

घुमा, एककल्ली, हेकट, तऱ्हेवाईक, माणूसघाणा, तुसडा, विक्षिप्त. मराठीतील या शब्दांकडे बारकाईने पाहा. व्याकरणदृष्ट्या ती विशेषणे आहेत आणि व्यक्तीचा अंगभूत गुण सांगतात असे वाटते. परंतु अर्थदृष्ट्या पाहिले तर ती संबंधवाचक आहेत. माणूस कोणाच्या तरी अपेक्षेच्या तुलनेत ‘घुमा’ असतो. शब्द मात्र ती अपेक्षा लपवितो आणि दोष एकाच बाजूच्या पदरात टाकतो.

व्यक्तिमत्त्वाचे आधुनिक मानसशास्त्र उभे राहिले तेही शब्दकोशाच्या आधारावर, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्याने आवर्जून लक्षात ठेवावी. माणसांमधील महत्त्वाचे भेद भाषेत शब्दरूपाने साठविलेले असतात, या गृहीतकावर १९३६मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचले. पुढे अनेक संशोधकांनी अशा शब्दांचे संख्याशास्त्रीय गट पाडले आणि त्यांतून पाच घटकांची मांडणी स्थिरावली. ते घटक म्हणजे बहिर्मुखता, सहमतिशीलता, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि अनुभवांविषयीचा खुलेपणा.

स्वमग्न प्रौढांना या प्रश्नावल्या दिल्या असता सरासरीने बहिर्मुखता कमी आणि भावनिक अस्थिरता अधिक आढळते. हा निष्कर्ष वाचताना दोन सावधगिऱ्या बाळगाव्यात. पहिली अशी की सरासरी ही गटाची असते, व्यक्तीची नव्हे; गप्पिष्ट आणि माणसांची ओढ असलेले स्वमग्न प्रौढही पुष्कळ आहेत. दुसरी सावधगिरी प्रश्नाच्या भाषेविषयीची आहे. “मला समारंभात रमायला आवडते” या विधानापुढे एखादी व्यक्ती ‘नाही’ असे लिहिते. तिला माणसे नकोशी असतात, की मांडवातील डीजेचा आवाज असह्य असतो? प्रश्नावलीत दोन्ही उत्तरांना सारखेच गुण मिळतात. ध्वनिसंवेदना अशा रीतीने ‘स्वभाव’ म्हणून नोंदली जाते.

भावनांच्या प्रश्नांबाबतही असेच घडते. स्वतःची भावना ओळखून तिला शब्द देण्यातील अडचणीला ‘अॅलेक्सिथायमिया’ म्हणतात. ‘भावनेसाठी शब्द नसणे’ हा त्याचा मूळ ग्रीक अर्थ. आपण त्याला ‘भावशब्दन्यूनता’ म्हणू. विविध अभ्यासांचा एकत्रित विचार करता सुमारे निम्म्या स्वमग्न व्यक्तींमध्ये ही अडचण आढळते. इतरांमध्ये हे प्रमाण सुमारे पाच टक्के आहे. “कसं वाटतंय?” या प्रश्नाला “माहीत नाही” असे उत्तर आले, तर त्यात कोरडेपणाच असेल असे नाही. भावना असते, तिचे नाव सापडत नाही.

याशिवाय अनेक स्वमग्न प्रौढ इतरांचे हावभाव पाहून ते पाठ करतात, संभाषणाची वाक्ये तयार ठेवतात, नजर भिडविण्याचा सराव करतात. यास ‘मुखवटा धारण करणे’ म्हणतात. लोकांना दिसणारा मनमिळाऊ स्वभाव हा अशा वेळी दिवसभराच्या श्रमाचे फळ असतो आणि घरी आल्यावर त्या श्रमाची किंमत थकव्याच्या रूपाने मोजावी लागते.

आपली प्रगती तपासा – १
१. ‘स्वमग्न’ या शब्दातील ‘मग्न’मुळे कोणता गैरसमज संभवतो?
२. स्वभाववाचक विशेषणे अर्थदृष्ट्या संबंधवाचक असतात, हे एका उदाहरणाने स्पष्ट करा.

४.२.३ मेंदूतील रसायने : काय आढळले आहे?

दोन चेतापेशी जेथे एकमेकींच्या निकट येतात, त्या संपर्कस्थानी एक अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीतून सुटलेले रसायन ती फट ओलांडून दुसऱ्या पेशीच्या ग्राहकांवर बसते आणि निरोप पोहोचतो. अशा निरोप्या रसायनांना ‘चेतापारेषके’ म्हणतात. रसायनाचा परिणाम केवळ त्याच्या प्रमाणावर नव्हे, तर ते मेंदूच्या कोणत्या भागात, कोणत्या ग्राहकावर आणि वाढीच्या कोणत्या टप्प्यावर कार्य करते, यावर अवलंबून असतो. भाषेच्या विद्यार्थ्याला हे परके वाटू नये. ‘लागणे’ या क्रियापदाचा अर्थ ‘भूक लागणे’, ‘नोकरी लागणे’, ‘ठेच लागणे’ अशा संदर्भांनुसारच ठरतो.

सेरोटोनिन : १९६१मध्ये काही स्वमग्न मुलांच्या रक्तात सेरोटोनिनचे प्रमाण वाढलेले आढळले. त्यानंतर अनेक अभ्यासांत सुमारे पाव ते एक-तृतीयांश स्वमग्न व्यक्तींमध्ये ही वाढ दिसून आली. परंतु शरीरातील बहुतांश सेरोटोनिन आतड्यात तयार होते, रक्तात ते बिंबाणूंमध्ये साठते आणि रक्तातून मेंदूत सहज प्रवेश करू शकत नाही. म्हणून रक्तातील आकड्यावरून मेंदूतील स्थिती वाचता येत नाही.

ग्लुटामेट आणि गाबा : ग्लुटामेट हे प्रामुख्याने पेशींना चेतविते, तर गाबा त्यांना आवर घालते. या दोहोंचा तोल ढळल्याने संवेदना तीव्र होत असाव्यात, असा विचार जॉन रुबेनस्टाइन आणि मायकेल मर्झेनिक यांनी २००३मध्ये मांडला. चुंबकीय तंत्राने केलेल्या मेंदूच्या मोजमापांत काही ठिकाणी गाबा कमी आढळले, काही ठिकाणी फरक दिसला नाही. गृहीतक उपयुक्त आहे. ते सर्व स्वमग्न व्यक्तींना सारखेच लागू पडत नाही.

ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन : प्रसूती, स्तनपान आणि जवळीक यांच्याशी निगडित असलेल्या ऑक्सिटोसिनला वृत्तपत्रांनी ‘प्रेमाचे रसायन’ असे नाव दिले. व्हॅसोप्रेसिन हे त्याचे जवळचे भावंड. सामाजिक वर्तनात दोहोंचा वाटा असल्याने स्वमग्नतेच्या संशोधनात त्यांच्याकडे मोठ्या आशेने पाहिले गेले.

डोपामिन : एखादी गोष्ट हवीशी वाटणे, तिच्या मागे लागणे यांत डोपामिनचा सहभाग असतो. स्वमग्न प्रौढांचा एकाच विषयातील सखोल रस या दृष्टीने अभ्यासला जातो. तथापि ‘छंद म्हणजे डोपामिन’ असे समीकरण मांडण्याइतका पुरावा उपलब्ध नाही.

४.२.४ रसायनाकडून स्वभावाकडे : मधले अंतर

हे अंतर किती मोठे आहे, हे औषधचाचण्यांनी दाखवून दिले. सेरोटोनिनवर कार्य करणारे सिटॅलोप्रॅम हे औषध स्वमग्न मुलांमधील पुनरावृत्त वर्तन कमी करील, अशी अपेक्षा होती; २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते निरौषधी गोळीहून सरस ठरले नाही. ऑक्सिटोसिनचा नाकात मारावयाचा फवारा २९० मुलामुलींना चोवीस आठवडे देऊन पाहिला. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सामाजिक वर्तनात लक्षणीय फरक पडला नाही. प्रौढांसाठी व्हॅसोप्रेसिनचा एक ग्राहक रोखणाऱ्या बॅलोव्हाप्टॅन या औषधाची मोठी चाचणी लाभाची शक्यता दिसेना म्हणून २०२०मध्ये थांबवावी लागली.

यावरून मेंदूतील रसायनांना महत्त्व नाही, असा निष्कर्ष काढू नये. चिंता, नैराश्य, निद्रानाश, अपस्मार या सोबतच्या तक्रारींवर औषधे उपयोगी पडतात आणि वैद्यकीय सल्ल्याविना ती बंद करू नयेत. निष्कर्ष एवढाच की ‘अमुक रसायन कमी, म्हणून अमुक स्वभाव’ अशी सरळ रेषा नाही. मधे शेकडो जनुके, मेंदूची वाढ, संवेदना, शिक्षण, घरातील वातावरण, लोकांचे वागणे आणि या सर्वांचे वर्णन करणारी भाषा असते.

हे विसरल्याचे परिणाम माणसांनी भोगले आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यात मुलाच्या स्वमग्नतेला आईचा थंडपणा कारणीभूत मानला जाई. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनी, १९७७पासून, आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला आणि तो सिद्धान्त मागे पडला. आपल्याकडे “आईनं लळाच लावला नाही” हे वाक्य मात्र अजून ऐकू येते. आईवरचा आरोप काढून तो ‘रसायना’वर ठेवला, तर अपराधभाव कमी होईल, समज वाढेलच असे नाही. “त्याच्या डोक्यात केमिकल लोचा आहे” हे चित्रपटामुळे रुळलेले बोलणेही शेवटी ‘घुमा’सारखेच चौकशी थांबविणारे आहे.

४.२.५ संवादाच्या दोन बाजू

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. २०१२मध्ये त्यांनी असा मुद्दा मांडला की स्वमग्न आणि इतर यांच्यातील गैरसमज दुहेरी असतो. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही, तसेच इतरांनाही तिचे मन कळत नाही. स्वमग्न व्यक्ती एकमेकींना माहिती सांगताना ती इतरांइतक्याच नेमकेपणाने पोहोचवितात, असे त्यानंतरच्या प्रयोगांत दिसून आले.

मराठी व्यवहारातील काही वाक्ये या दृष्टीने तपासा. घरातून निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. “या ना कधीतरी घरी” हे बहुधा आमंत्रण नसते. “मीठ संपलंय” ही माहिती नसून आज्ञा असते. संकेत ठाऊक असणाऱ्याला यात काही अडत नाही. अक्षरार्थ प्रथम घेणाऱ्याला मात्र प्रत्येक वाक्य सोडवावे लागते. “दुकानातून येताना अर्धा किलो मीठ आण” असे म्हटले, तर अडचणीचा मोठा भाग बोलणाऱ्याच्या बाजूनेच संपतो.

येथे आपल्या अभ्यासक्रमातील एका ग्रंथाची आठवण उपयुक्त ठरेल. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या आठवणी ‘ऋद्धिपुरचरित्रा’त संकलित केल्या. गोविंदप्रभूंचे लोकविलक्षण वागणे त्यात प्रसंगाप्रसंगाने येते : कोठे, कोणासमोर, काय घडले. महानुभाव पंथाला वंदनीय असलेल्या या विभूतीवर आजचे निदान लादणे सर्वस्वी अनुचित होय. घ्यावयाची आहे ती नोंदीची पद्धत. आधी प्रसंग सांगावा. विशेषण नंतर, आणि गरज असेल तरच.

आपली प्रगती तपासा – २
१. रक्तातील सेरोटोनिनवरून मेंदूची स्थिती का सांगता येत नाही?
२. “मीठ संपलंय” या वाक्याचा अक्षरार्थ आणि अभिप्रेत अर्थ लिहा.

४.२.६ प्रौढ, कायदा आणि आपला परिसर

भारतीय कायद्यात स्वमग्नतेचा नामनिर्देश १९९९च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात झाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील एकवीस प्रकारांत तिचा समावेश आहे. उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखून ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. मूल्यमापनासाठी चाळीस बाबींची भारतीय मापनश्रेणी वापरली जाते आणि सर्वनामांची उलटापालट, ऐकलेल्याची पुनरुक्ती, संभाषणातील व्यावहारिक अर्थ न उमगणे या भाषिक बाबी तीत आहेत.

देशातील पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर गोव्याचा समावेश होता. दोन ते नऊ वर्षे वयोगटात स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात सुमारे एक असे आढळले. स्वमग्नता वयाबरोबर संपत नाही. खामगाव, मेहकर किंवा जळगाव जामोद येथे १९७०मध्ये जन्मलेली स्वमग्न व्यक्ती कायद्याला हे नाव ठाऊक होईपर्यंत एकोणतीस वर्षांची झाली होती. तोवर गावाने तिला दुसरे नाव दिलेले होते. ते नाव ऐकतच तिने शाळा सोडली असेल, नोकरीच्या मुलाखतीत ती गप्प बसली असेल, लग्नाच्या बोलणीत तिच्याविषयी कुजबुज झाली असेल. शंका असेल तर जिल्हा रुग्णालयातून मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचता येते. प्रौढपणीचे निदानही पुष्कळांना स्वतःच्या आयुष्याचा अर्थ लावण्यास साहाय्य करते.

४.३ सारांश

स्वमग्नता ही आयुष्यभराची मेंदूची घडण आहे. सेरोटोनिन, ग्लुटामेट, गाबा, ऑक्सिटोसिन, व्हॅसोप्रेसिन, डोपामिन यांच्याशी तिचा संबंध अभ्यासला गेला. परंतु एकाही रसायनातून स्वमग्न प्रौढाचा स्वभाव थेट निष्पन्न होत नाही. व्यक्तिमत्त्वगुणांची मोजमापे शब्दांवर आधारलेली असल्याने शब्दांतील अपेक्षा त्यांत उतरतात. म्हणून स्वभावाला नाव देण्यापूर्वी प्रसंगाचे वर्णन करावे आणि आपला प्रश्न स्पष्ट होता का, हे तपासावे. त्या तोंडी परीक्षेनंतर मी “या कवितेविषयी दोन मुद्दे सांगा” असे विचारू लागलो. त्याचा लाभ सर्वच विद्यार्थ्यांना झाला.

४.४ पारिभाषिक शब्द

चेतापारेषक : एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारे रसायन.
ग्राहक : पेशीवरील, रसायन स्वीकारणारी जागा.
वर्णपट : एकाच अवस्थेची कमीअधिक तीव्रतेची विविध रूपे.
भावशब्दन्यूनता : स्वतःच्या भावना ओळखून त्यांना शब्द देण्यातील अडचण.

४.५ स्वाध्याय

१. ‘रसायन, स्वभाव आणि भाषा’ यांचा परस्परसंबंध स्वमग्न प्रौढांच्या संदर्भात स्पष्ट करा. (३०० शब्द)
२. आपल्या बोलीतील दहा स्वभाववाचक शब्द गोळा करा. प्रत्येक शब्दामागे बोलणाऱ्याची कोणती अपेक्षा दडलेली आहे, ते एका वाक्यात लिहा.
३. परिचयातील ज्या व्यक्तीस ‘घुमा’ किंवा ‘तऱ्हेवाईक’ म्हटले जाते, तिच्याशी घडलेला एक प्रसंग कोणतेही विशेषण न वापरता लिहा. व्यक्तीचे नाव लिहू नये.